अर्धवट मिटणारं झाकण

सासरे : पुन्हा सांग. आणि या खेपेला तुमच्या प्रयोगशाळेतले शब्द बाजूला ठेवून सांग. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलंय, नळ्या हलवायचं शास्त्र नव्हे.

सून : आपल्या मागच्या तळ्यातली कासवं वेगळ्या जातीची नाहीत, बाबा. दोन निरनिराळ्या जातींच्या नर-मादीची ती पिल्लं आहेत. संकर आहे तो.

सासरे : संकर.

सून : हो.

सासरे : ऐकलंस का गं? तुझी सून म्हणते, मी जी जात जगापुढे मांडली, ती जातच नाही.

सासू : ऐकतेय. शेंगा सोलताना माझे कान बंद होत नाहीत.

सासरे : आणि हे हिला कळलं कशावरून? चार थेंब रक्तावरून! चिखलात कधी पाय घातला नाहीस तू. कासव हातात घेतेस ते पिशवीतून फुटलेली बाटली काढावी तसं. आणि मला सांगतेस, तळ्यात काय आहे!

सून : रक्त तुम्हीच काढलंत. नळ्यांवर चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात. मला जवळ येऊ दिलं नव्हतंत.

सासरे : मग तिकडे अदलाबदल झाली असेल.

सून : मलाही आधी तेच वाटलं. म्हणून पुन्हा केलं. मग निम्मं रक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं, कुणाचं आहे ते न सांगता. त्यांचंही उत्तर तेच आलं.

सासरे : म्हणजे आधी बाहेर बोभाटा केलास आणि मग घरात सांगायला आलीस.

सून : कुणाचं ते सांगितलं नाही म्हटलं ना.

सासरे : प्राणिसंग्रहालयाचं नवं दालन उघडायचंय. दाराशी माझं कासव ठेवायचंय. संचालकाला एक दाखला हवा होता, वरवरचा, फाइलीत लावायला. घरातच माणूस आहे म्हणून तुला सांगितलं. दाखला आणायला पाठवलं, आणि तू पंचनामा घेऊन आलीस.

सासू : अहो, तिला बोलू तर द्या. सांग गं. मला समजेल असं सांग. ह्यांना समजलंय, म्हणून तर आवाज चढलाय.

सून : आई, पेशीत एक छोटासा भाग असा असतो, की तो फक्त आईकडून येतो. बाप त्यात काहीच घालत नाही. तो भाग मी आधी पाहिला. तर तो निघाला साध्या कासवाचा. पिवळ्या गळ्याचं असतं ना, बाजारात टोपल्या भरभरून विकतात ते.

सासू : मुलं काचेच्या पेटीत पाळतात ते?

सून : तेच. म्हणजे यांची आई ती. बाकीचं सगळं आई-बापाकडून निम्मं-निम्मं येतं. तिथे पाहिलं तर प्रत्येक जागी एक तुकडा या साध्या कासवाचा आणि एक तुकडा पेटीकासवाचा.

सासू : पेटीकासव म्हणजे पोटाखालचं झाकण पार मिटून घेतं, ते?

सून : हो. डबा बंद केल्यासारखं.

सासरे : झालं तुमचं? आता मी बोलू? या जातीचं मुख्य लक्षण काय, ते तरी वाचलंयस का तू? तिचं झाकण अर्धवट मिटतं. अर्धचल! जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कासवाचं असं मिटत नाही. मी शंभरदा मिटवून पाहिलं, माझ्या या अंगठ्यांनी. ते लक्षण तुझ्या नळीत दिसतं का?

सून : त्याच लक्षणानं मला पहिल्यांदा शंका आली, बाबा. आईचं झाकण मुळी हलतच नाही. बापाचं पूर्ण मिटतं. पोरांचं अर्धं.

सासू : अगं बाई! इतकं सोपं?

सासरे : हसू नकोस.

सासू : का हसू नको?

सासरे : नाव तुझं आहे त्याला.

सासू : म्हणूनच हसतेय. इतकी वर्षं ऐकून घेतलंय मी. कुठे गेलं की, ‘या त्याच बरं का, ज्यांच्या नावाचं कासव आहे.’ आणि मग समोरचा माझ्या मानेकडे बघणार. बघतातच लोक. तुमची पोरं तर मला मागून कासवीणबाई म्हणायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

सासरे : माझे विद्यार्थी असं म्हणणार नाहीत.

सासू : तुमचेच म्हणायचे. दुसऱ्यांच्या पोरांना आमचं काय पडलंय?

सासरे : हे बघ, बाईसाहेब. संकर झाला म्हणजे जात नाही, असं तुला कुठल्या दिवट्यानं शिकवलं? निसर्गातही जाती मिसळतात. हजारो वर्षांपूर्वी दोन जाती एका ओढ्यात भेटल्या असतील, मिसळल्या असतील, आणि त्यातून तिसरी स्थिर झाली असेल. असं घडतं. माहीत आहे ना घडतं ते?

सून : घडतं. तुमचा मुद्दा बरोबर आहे.

सासरे : उपकार झाले.

सून : पण तसं असतं, तर इतक्या पिढ्यांत पत्ते पिसले गेले असते. एखाद्या जागी कुणाकडे दोन्ही तुकडे साध्या कासवाचे, कुणाकडे दोन्ही पेटीकासवाचे, कुणाकडे एकेक. तुम्ही विकत आणलेल्या सातही कासवांत प्रत्येक जागी एक याचा आणि एक त्याचाच आहे. पत्ते एकदाही पिसलेले नाहीत. ही पहिलीच पिढी आहे. आणि सातही जणं सख्खी भावंडं आहेत. एक मादी, एक नर.

सासू : म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या मागच्या हौदात झालेली.

सासरे : व्यापाऱ्यानं ती वरच्या ओढ्यात धरली होती! त्यानं मला जागा दाखवली.

सासू : जागा दाखवली. कासव नाही दाखवलं. रस्त्यावरनंच हात लांब करून म्हणाला, तिकडे. तुम्ही लगेच टिपून घेतलंत. मी गाडीत बसले होते ना! त्याच्या दारात हौद होता, त्यात सतरा प्रकारची कासवं एकावर एक चढलेली. मी म्हटलंही तुम्हाला, यांची आपापसात लग्नं लागत असतील. तुम्ही काय म्हणालात? ‘तू गप्प बस, तुला कळत नाही.’

सासरे : गाडीत बसून केलेल्या विनोदाला निरीक्षण म्हणत नाहीत.

सासू : बरं. मग पुढे किती वेळा गेलो त्या ओढ्यावर! दर सुट्टीत तेच. तुम्ही पाण्यात, मी काठावर पिशवी धरून. सापडलं काय, तर बेडूक.

सासरे : जात दुर्मीळ आहे, म्हणून सापडली नाही. मी तसं लिहिलंय. ‘अतिदुर्मीळ.’

सासू : तेही खरंच. नसलेल्या गोष्टीइतकं दुर्मीळ काय असणार?

सून : आई, असू द्या.

सासरे : तू मध्ये पडू नकोस. तुझं काम झालंय, घर पेटवून झालंय तुझं. आता एक कर. कागदावर ‘निष्कर्ष अनिश्चित’ असं लिही. खोटं लिही म्हणत नाही मी. शास्त्रात सगळंच अनिश्चित असतं. दालन उघडेल, संचालक खूश होईल, आणि पुढे तुला काय संशोधन करायचंय ते कर. मी गेल्यावर कर.

सून : नाही जमणार.

सासरे : का? पेन चालत नाही?

सून : दालनात खऱ्या पेटीकासवांच्या जोड्या ठेवणार आहेत. त्यांची वीण वाढवायला. ती जात खरंच संपत आलीय, बाबा. त्यांच्यात ही सोडली, तर पुढच्या पिढीत शुद्ध पेटीकासव उरणारच नाही. तुमच्या नावाच्या पाटीसाठी मी तसं होऊ देऊ?

सासरे : पाटीसाठी! हिला वाटतं, मला पाटी हवीय. अगं, तुझ्या त्या नोकरीच्या मुलाखतीला समोर जे तिघं बसले होते ना, त्यांतले दोघं माझ्या हाताखाली शिकले. एक शब्द टाकला असता तर...

सून : टाकला होतात. त्यांनीच मला सांगितलं. ‘घरातली आहे म्हणून घेऊ नका, तिचा पाया कच्चा आहे,’ असं म्हणाला होतात.

सासू : असं म्हणालात?

सासरे : जे वाटलं ते म्हणालो. लपवून ठेवायची सवय नाही मला. तुझ्या नवऱ्याला दाखवलंस का हे सगळं?

सून : दाखवलं.

सासरे : तो काय म्हणाला?

सून : म्हणाला, बाबांना तूच सांग. मी त्या दिवशी बाहेरगावी आहे.

सासू : गुणाचं लेकरू माझं!

सासरे : पाठीचा कणा नावाची वस्तू या घरात फक्त कासवांना आहे.

सासू : सून बसलीय की समोर. तिलाही आहे कणा. तुम्हाला तोच टोचतोय. बरं, तू सात म्हणालीस. तळ्यात नऊ आहेत.

सून : दोघींचं जरा वेगळं आहे. ते मी नंतर सांगणार होते.

सासरे : कुठल्या दोघी? इथे अंड्यातून निघालेल्या? त्यांच्यापर्यंत जाऊ नकोस हं. त्या माझ्या पेटीत उबल्या. दोन्ही माद्या निघाल्या, कारण मी ऊब मुद्दाम चढी ठेवली होती. ऊब जास्त तर मादी, कमी तर नर. हे तुझ्या पुस्तकातही असेल. त्या दोघींच्या आधी वर्षानुवर्षं अंडी कुजत होती, आणि एका वर्षी मी ऊब बरोबर पकडली. झालं! आपोआप जन्मली नाहीत ती.

सून : ऊब तुमचीच होती, बाबा. त्याबद्दल वादच नाही. पण त्यांचा बाप तुमच्या तळ्यातला नाही.

सासरे : म्हणजे?

सून : तळ्यातल्या एकाही नराशी त्यांचं जुळत नाही. असा संकर होतो तेव्हा नर बहुतेक वांझ निपजतात. म्हणून अंडी कुजत होती. ऊब चुकत नव्हती. या दोघींमध्ये तीन भाग साधं कासव आहे आणि एकच भाग पेटीकासव. म्हणजे आई तुमच्या सातातली, आणि बाप साधा, पिवळ्या गळ्याचा. आई, तळ्यात कधी साधं कासव होतं का?

सासू : थांब. थांब जरा.

सासरे : कधीच नव्हतं. मी गोगलगाय आत येऊ दिली नाही.

सासू : लंगड्या!

सून : कोण लंगड्या?

सासू : अगं, मला रस्त्यात सापडला होता. सायकल गेली होती त्याच्या पायावरून. मी ओट्याखाली कपडे धुवायच्या टबात ठेवला, हळद लावली, आणि बरा झाल्यावर हळूच तळ्यात सोडला. ह्यांना पत्ताच नाही! एवढे मोठे तज्ज्ञ, रोज तळ्याकडे जाणार, आणि एक कासव वाढलंय हे दिसलं नाही. महिना-दीड महिना राहिला. मग एकदा लंगडताना दिसला, तेव्हा कळलं.

सासरे : तो गटारातला प्राणी होता. अंगावर किती रोग असतील त्याच्या! मी लगेच बादलीत घालून नाल्यात सोडून आलो.

सासू : भर दुपारी. जेवण टाकून. मी म्हणत होते, राहू द्या हो, बिचारा एका पायानं कुठे जाईल? तर म्हणालात, ‘ही धर्मशाळा नाही.’

सासरे : आणि ती अंडी उबली त्यानंतर दोन वर्षांनी. दोन! हिशेब येतो का तुम्हाला दोघींना? की गर्भ दोन वर्षं वाट बघत बसला होता?

सून : गर्भ नाही, बीज. कासवाची मादी नराचं बीज पोटात सांभाळून ठेवते. वर्षानुवर्षं जिवंत राहतं ते. नर निघून गेला, मेला, तरी ती ते नंतर कधीतरी वापरते. हे तुम्हाला माहीत आहे, बाबा. तुम्हीच शिकवायचात.

सासू : शहाणी बाई.

सून : कोण?

सासू : ती मादी. अहो, आठवतं ना? तळहातावर ती दोन पिल्लं घेऊन तुमचा फोटो आला होता छापून. सत्कार झाला. तुम्ही भाषण केलंत, ‘शास्त्रशुद्ध प्रजननाचा विजय’. अर्धा तास चाललं होतं. मी पहिल्या रांगेत. आणि विजय कुणाचा? माझ्या लंगड्याचा!

सासरे : बास.

सासू : जेवण टाकून ज्याला नाल्यात फेकून आलात, त्याचीच पोरं मिरवलीत तुम्ही!

सासरे : बास म्हटलं ना! दोघी मिळून माझी चेष्टा करताय? करा. मी संचालकाकडे जातो. या मुलीच्या हातून नमुने खराब झालेत, असं सांगतो.

सून : बाबा, ते खरं नाही.

सासरे : ते तो ठरवील. तो मला ओळखतो. तुला कोण ओळखतं?

(काही आठवड्यांनी. घरामागच्या तळ्याचा काठ.)

सासू : ये, इथे बस. दगड कोरडा आहे. आणि तोंड असं पाडून बसू नकोस, जिंकलीयेस तू.

सून : कसलं जिंकणं, आई! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला सगळ्यांदेखत उभं करून विचारलं. घरची जनावरं का तपासलीस, नमुने कुणी हाताळले, सासऱ्यांशी तुझं वाकडं आहे का. सासऱ्यांशी वाकडं! मी जणू मला भांडी घासायला लावली म्हणून सूड उगवायला बसलेय. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी येऊन पुन्हा रक्त नेलं, त्यांचं उत्तर येईपर्यंत माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही.

सासू : आलं ना पण उत्तर?

सून : आलं. शब्द न् शब्द तेच. मला वाटायचं, हा माणूस उद्धट आहे, तोंडाळ आहे, पण खोटा नाही. आता तेही वाटत नाही.

सासू : तू त्यांना आत्ता ओळखायला लागलीस. मी तुझ्याआधीपासून. खोटं बोलण्याइतकी त्यांना कल्पनाशक्तीच नाही. नमुने खराब झालेत असं त्यांनी आधी स्वतःला पटवलं असणार, मग सांगितलं. स्वतःला पटवण्यात पटाईत! त्या ओढ्याचंही तसंच.

सून : हे तुम्ही त्यांची बाजू घेताय?

सासू : छे. तू खोटारडा म्हणतेस, मी मूर्ख म्हणतेय. त्यात बाजू कसली आली? आले बघ. चपला घालून चिखलात. काय हो, काय म्हणाला तुमचा संचालक?

सासरे : चहा दिला.

सासू : आणि?

सासरे : सर सर करत होता. ‘सर, तुमचं योगदान मोठंच आहे.’ कशाला दिलेलं योगदान, ते नाही बोलला. दाराबाहेरची पाटी आधीच उतरवलेली होती. भिंतीवर चार भोकं. उठलो, तर खुर्चीतूनच नमस्कार केला त्यानं. माझ्याकडे दोनदा नापास झालेला पोरगा आहे तो.

सासू : म्हणून तर चहा चांगला दिला असेल.

सासरे : हे तळं उपसायचंय.

सून : काय?

सासरे : उद्या माणूस बोलावलाय. पाणी काढून टाकायचं, ही घाण उचलायची, आणि वर माती लोटायची. नाहीतरी तूच म्हणालीस ना, यांना कुठे ठेवायची सोय नाही. संग्रहालयात नको, ओढ्यात नको.

सून : बाहेर सोडायची नाहीत, एवढंच म्हटलं मी. इथे राहू शकतात. इतकी वर्षं राहिली तशी.

सासरे : कशाला? भेसळ आहे ती. इतकी वर्षं मी भेसळ पाळली. आता कळल्यावरही पाळू?

सासू : हा शब्द या घरात तुम्ही आधी एकदा वापरलायत.

सासरे : कुठला शब्द?

सासू : भेसळ. हिचं लग्न ठरलं तेव्हा. ‘आपल्या घरात भेसळ नको,’ म्हणालात. मी तेव्हा गप्प बसले. मला वाटलं, निदान हिनं तरी ऐकलं नाहीये.

सून : ऐकलं होतं, आई. मी जिन्यात उभी होते. तुमच्यासाठी फुलं आणली होती, ती खाली गाडीतच ठेवली परत जाऊन, आणि मग बेल वाजवली.

सासू : बघा.

सासरे : ते... ते मी रागात बोललो असेन.

सासू : आत्ता कशात बोलताय? प्रेमात? त्या जनावरांनी काय केलं हो? व्यापाऱ्यानं त्यांना एका हौदात कोंबलं, त्यात त्यांना विचारलं नव्हतं कुणी. तुम्ही त्यांना जात म्हणालात, तेही त्यांना विचारून नाही. माती-बिती काही लोटायची नाही. माणूस आला तर मी त्याला परत पाठवीन.

सासरे : घर माझं आहे.

सासू : तळं मी घासलंय.

सून : बाबा, तुम्ही हवं तर माझ्याशी बोलू नका. पण एक काम तुमच्याशिवाय होणार नाही, म्हणून विचारते. जिच्यावरून तुम्ही पहिलं वर्णन लिहिलंत, ती मादी कॉलेजच्या संग्रहालयात बरणीत आहे. नाव तिला बांधलेलं आहे. ही नऊच्या नऊ संकर निघाली, तरी ती तपासल्याशिवाय ते नाव कागदावरून हलत नाही. आणि तुमच्या परवानगीशिवाय ते बरणीला हात लावू देत नाहीत.

सासरे : माहीत आहे मला. हा नियम मीच घालून घेतलाय.

सून : मग?

सासरे : मग काय? सापडली ना एक तरी गोष्ट, जी तुझ्या त्या नळ्यांनी होत नाही! आता कसं अडलं?

सून : अडलं खरं.

सासरे : नाही देणार. लिही काय लिहायचंय ते. नाव राहील.

सासू : कशाला राहायला हवंय?

सासरे : तुला काय वाटतं, मी ते माझ्यासाठी ठेवलं होतं? माझं नाव लावता आलं असतं. माझ्या गुरूंचं लावता आलं असतं, बढती मिळाली असती. तुझं लावलं.

सासू : हो, आणि एका शब्दानं विचारलं नाहीत. छापून आल्यावर दाखवलंत. मी त्या दिवशी तापानं फणफणले होते, तुम्ही उशाशी अंक ठेवलात आणि गेलात मित्रांकडे पेढे वाटायला.

सासरे : तुला आवडलं नव्हतं?

सासू : आवडलं होतं. म्हणून तर इतकी वर्षं चेष्टा ऐकून घेतली. पण आता ते एका व्यापाऱ्याच्या हौदाचं नाव आहे. ते मला नको.

सून : चला आई, आत जाऊ. बाबांना बसू दे.

सासरे : मी आज कॉलेजात गेलो होतो. संचालकाकडून निघाल्यावर.

सून : कशाला?

सासरे : बरणी काढायला लावली. तिथला नवा पोरगा मला विचारतो, ‘काका, कुणाला भेटायचंय?’ काका! मादी बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली, आणि पुन्हा सगळी मापं घेतली. पाठ, पोट, झाकणाची बिजागरी, डोक्याची रुंदी. सगळी तीच आली. एकही चुकलेलं नाही.

सून : माहीत आहे. मी तुमच्या लेखातली मापं या सात जणांशी ताडून पाहिली होती. तुम्ही जे पाहिलंत, ते बरोबरच पाहिलंत.

सासरे : मला धीर देऊ नकोस. तुझ्याकडून धीर घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

सून : धीर नाही दिला. जे आहे ते सांगितलं.

सासरे : झाकण मिटवून पाहिलं. आता ते कडक झालंय. तरी अर्ध्यावर अडतंच. वर ढकललं की आतून कळतं, बिजागरी पुरती तयारच झालेली नाही. इतकी वर्षं मी त्याला वैशिष्ट्य म्हणत होतो. अर्धवट राहिलेली गोष्ट होती ती. हे अंगठ्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासू : अंगठ्याला कळलं असेल. तुम्ही त्यालाही गप्प बस म्हणाला असाल.

सासरे : तुझी जीभ काही थकत नाही.

सासू : नाही थकत.

सून : बाबा, ती मादी कशात ठेवलीय? फॉर्मलीनमध्ये असेल, तर मी विचारून तरी काय उपयोग! त्यातून काही निघणार नाही.

सासरे : स्पिरिटमध्ये आहे. फॉर्मलीनला मी हात लावत नाही. तेव्हा सगळे मला हसले. स्पिरिट उडून जातं, सारखं भरत बसावं लागतं, हा उद्योग कोण करणार म्हणाले. मी केला. निवृत्त झाल्यावरही जाऊन भरून येतो. पुढेमागे कुणाला काही पाहायचं असलं, तर मांस शाबूत राहावं म्हणून.

सून : मग शाबूत असेल.

सासरे : असेल काय? आहे. आज पाहून आलोय.

सासू : पुढेमागे कुणाला पाहायचं असलं तर, म्हणालात. पुढे ही आहे. मागे मी आहे. आणखी कुणाची वाट बघताय?

सासरे : नाव जाईल मग.

सासू : जाऊ दे. मला आहे की एक.

सासरे : तो तळं उपसणारा उद्या आला, तर त्याला सांग, गाळ तेवढा काढ म्हणावं. पाणी नको काढूस.

सासू : सांगते.

सून : मग मी कॉलेजात कधी येऊ?

सासरे : उद्या ये. एकटी जाऊ नकोस, तो पोरगा तुला आत सोडणार नाही. मी असेन तिथे. आणि मांसाचा तुकडा मांडीतून घे. आतल्या बाजूनं. वरून दिसता कामा नये.